बांधापलीकडचा हुकूम

शरणप्पा अण्णा,

तुम्हाला तुमच्याच शेतात मातीत बसवलं, तेव्हा मला हसू आलं. तुमच्या थोरल्या सुनेनं ते पाहिलं. तिला वाटलं असेल, महाराष्ट्रातली माणसं अशीच रडतात. आता खरं सांगतो. तुमच्यात माणसाला निजवून नाही, बसवून पुरतात, हे मी ऐकून होतो, बघितलं नव्हतं. तुम्ही खड्ड्यात मांडी घालून बसलेले, कपाळभर विभूती, मान किंचित एका बाजूला कललेली. हद्दीवरच्या चहाच्या टपरीत तुम्ही अगदी याच बैठकीत बाकड्यावर बसून माझी वाट बघायचा. मला वाटलं, आता मान वर करतील आणि विचारतील, ‘‘ऊटा आतेन्री, बेलिफसाब?’’ जेवण झालं का. माणूस भेटला की तुमचा पहिला प्रश्न हाच. वारंट घेऊन कुणाच्या दारात उभे राहिलात तरी आधी हे विचारायचं आणि मग खिशातला कागद काढायचा. ते आठवलं आणि हसू फुटलं. त्यानंतर माझं जे झालं, ते सुनेनं पाहिलं नसावं.

तुम्ही जाऊन अजून पंधरवडाही झाला नाही. दुखवट्याचं लिहावं तसं हे लिहिणं होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तुम्ही कुठं जन्मलात, किती शिकलात, किती नातवंडं मागं ठेवून गेलात, ते तुमच्या पोरांनी बॅनरवर छापलंय. मला तुमच्याशी एका कामाचं बोलायचं आहे. पण तुम्हाला माहीतच आहे, मी मुद्द्यावर सरळ येत नाही.

आपण दोघं काय करायचो हे लोकांना सांगताना मला नेहमी मजा यायची. मी म्हणायचो, न्यायाधीश निकाल देतात आणि जेवायला घरी जातात. तो निकाल उचलून माणसाच्या दारापर्यंत न्यायचा, घर असेल तर घर, म्हैस असेल तर म्हैस ताब्यात घेऊन ज्याची त्याला द्यायची, हे काम आमचं. इकडं आम्हाला बेलिफ म्हणतात, तिकडं तुम्हाला अमीन. मी इकडच्या तालुक्याच्या कोर्टात, तुम्ही कर्नाटकातल्या लगतच्या तालुक्यात. मधे राज्याची हद्द. माझ्या हातातला हुकूम त्या हद्दीपर्यंत हुकूम असतो. पलीकडं एक पाऊल टाकलं की मी एक जाडसा माणूस आणि माझ्या हातात एक कागद, एवढंच उरतं. पलीकडं हुकूम चालवायचा तर आमच्या कोर्टानं दाखला जोडून तो तुमच्या कोर्टाकडं पाठवायचा, तुमच्या कोर्टानं तो तपासायचा, मराठी वाचता येत नाही म्हणून भाषांतर मागायचं, आणि मग कधीतरी तो तुमच्या हातात पडायचा. कागदाला पलीकडं जायला महिने लागायचे. माणसाला एक उडी पुरायची.

हे ज्याला सगळ्यांत आधी समजलं, तो म्हातारा मल्लप्पा.

महानंदा मुरुमची. मल्लप्पाच्या एकुलत्या पोराला दिलेली. नवरा तापाचं निमित्त होऊन गेला तेव्हा तिची गौरी दुपट्यातून नुकती उठून धावायला लागलेली. दिवस झाले आणि भाऊ तिला माहेरी न्यायला आला. सासरा म्हणाला, ‘‘तू चार दिवस जाऊन ये माय, पोरगी राहू दे. तिच्याकडं बघून म्हातारी दोन घास खाती.’’ ती बिचारी विश्वासानं गेली. परत आली तेव्हा दाराला आतून कडी होती. पुढं ती मुरुमला भावाच्या घरी ब्लाउज शिवत राहिली आणि शिवणाच्या पैशातून वकील केला.

केस आमच्याकडं चालली. मल्लप्पाचं शेत तुम्ही पाहिलेलंच आहे. घर इकडं, महाराष्ट्रात. घराच्या मागं ज्वारीचा पट्टा, मग बांध, बांधावर हद्दीचा दगड, आणि पलीकडं त्याचीच जमीन, त्याचाच बैलांचा कोठा, पण कर्नाटकात. त्याचे वकील उठून म्हणाले, मुलगी झोपते पलीकडच्या कोठ्यात, सबब या कोर्टाला अधिकार नाही. आमचे साहेब शांतपणे म्हणाले, ‘‘म्हणजे मुलगी जेवते महाराष्ट्रात आणि झोपते कर्नाटकात. रेशन कार्डावर नाव कुठं आहे?’’ नाव इकडं होतं. निकाल आईच्या बाजूनं लागला. मुलीचा ताबा आईकडं द्यावा. महानंदानं त्या दिवशी कोर्टाच्या आवारात मला विचारलं, ‘‘दादा, आता कवा आणताव?’’ मी म्हणालो, ‘‘ताई, चार-आठ दिवसांत.’’

मी गेलो. मल्लप्पा ओसरीवर उभा, हात जोडून. ‘‘या सायेब. घर बघा, कणगी बघा, माळवद बघा. पोरगी इथं न्हाय.’’ आणि पोरगी बांधाच्या पलीकडं, हाक मारली तर ओ देईल इतक्या अंतरावर, दगडाला टेकून भुईमुगाच्या शेंगा खात बसलेली. मी बांधापर्यंत गेलो. तिनं मला एक शेंग देऊ केली. ती घ्यायला हात पुढं करावा तर हात कर्नाटकात जातोय. मी परत आलो आणि अहवाल लिहिला, मुलगी हद्दीबाहेर आढळली.

मग हुकूम तुमच्याकडं यायला निघाला. पोचला तेव्हा उन्हाळा लागला होता. तुम्ही वारंट घेऊन पलीकडच्या बाजूनं कोठ्यावर गेलात, आणि तिथूनच मला फोन केलात. ‘‘बेलिफसाब, तुमचं माणूस तुमच्या हद्दीत शेंगा खायलंय.’’ मी विचारलं, ‘‘दिसतंय का?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘दिसतंय म्हंजे? मला पण एक देऊ केलंय.’’

ही गोष्ट मी इथपर्यंत लई ठिकाणी सांगितली अण्णा. लग्नात, कोर्टाच्या कँटीनमध्ये, रिटायर झालेल्या साहेबांच्या निरोप समारंभात. मल्लप्पाचा हात जोडल्याचा आव, तुमचा फोनवरचा आवाज, माझा लांबवलेला हात, सगळं वठवून. लोक पोट धरून हसायचे आणि मी इथंच थांबायचो. टपरीवर तुम्ही एकदा म्हणाला होतात, ‘‘अर्धीच सांगताव. बाकी अर्धी कुणासाठी ठेवलीया?’’ मी चहा मागवला आणि विषय बदलला.

बाकीची अर्धी ही.

महानंदाच्या वकिलांनी अर्ज देऊन दोन्ही कोर्टांत एकाच वेळी अंमलबजावणी करायची परवानगी काढली. आता दिवस ठरवायचा होता, आणि तो मी ठरवला: येळवस. त्या अमावस्येला आपल्या या भागात गावं रिकामी पडतात, सगळं घर रानात असतं. कडब्याची खोप करायची, पाच पांडव मांडायचे, भज्जी, उंडे आणि आंबील. मल्लप्पाचं अख्खं घर त्या दिवशी शेतात सापडणार. सुट्टीच्या दिवसाची वेगळी परवानगीही घेतली. मी इकडच्या बाजूनं बांधावर, तुम्ही तिकडच्या बाजूनं. पोरगी इकडं आली तर माझ्या हातात, तिकडं राहिली तर तुमच्या. टपरीच्या बाकड्यावर बशी आणि कप मांडून मी तुम्हाला डावपेच समजावला, तेव्हा मला सेनापती झाल्यासारखं वाटत होतं. तुम्ही बशी उचलून चहा पिऊन टाकलात आणि म्हणालात, ‘‘चांगलं हाय. पर येळवसला का?’’

‘‘सगळी एका जागी सापडतील म्हणून.’’

‘‘ते खरं हाय,’’ तुम्ही म्हणालात. पुढं काही बोलला नाहीत. मला आज वाटतं, तेव्हा बोलायला पाहिजे होतं अण्णा. येळवसला दुसऱ्याच्या शेतात पाय ठेवणारा माणूस न जेवता परत जात नाही. रस्त्यानं चाललेल्या अनोळख्याला हाताला धरून पंगतीत बसवतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, लहानपणापासून मीही तसाच जेवलोय. पण कामाच्या नादात मी तो दिवस नुसता दिवस धरला. तुमच्या डोक्यात तो सण होता.

महानंदा तुमच्यासोबत आली, कारण ताबा ज्याला द्यायचा तो माणूस जागेवर लागतो. भाड्याची जीप तुमच्या बाजूच्या गाडीवाटेवर थांबली. मी ज्वारीतून बांधावर येऊन उभा, सोबत एक महिला पोलीस. मी सगळं बघत होतो. महानंदानं जीपचं दार उघडून एक पाय खाली ठेवला होता. तुम्ही खिडकीजवळ गेलात, वाकून काहीतरी बोललात, आणि तिनं पाय पुन्हा वर घेतला.

काय बोललात ते त्याच दिवशी तुम्ही मला सांगितलंत. ‘‘तायी, तू उतरू नको. तू दिसलीस की म्हातारी पोरीला धरून बसंल. तू इकडून वडशील, ती तिकडून.’’ का सांगितलंत तेही मला ठाऊक होतं. नोकरीच्या सुरुवातीला तुम्ही अशाच एका ताब्यावर गेला होता. तिथं एका पोराला आईनं एका बाजूनं धरलं आणि बापानं दुसऱ्या बाजूनं, आणि पोराचा खांदा निखळला. तो आवाज अजून कानात आहे, असं तुम्ही टपरीवर सांगितलं होतंत, आणि त्या दिवशी तुम्ही चहा तसाच ठेवला होता.

खोप तुमच्या बाजूला होती, आणि गौरीही. मल्लप्पा उठून सामोरा आला. ‘‘अमीनसाब, हुकूम बजवा. मी आडवा येत न्हाय. पर आधी पंगतीला बसा. आजच्या दिवशी ह्या शेतातून कुणी उपाशी गेलं न्हाय, तुम्हीबी जाऊ नका.’’

तुम्ही चपला काढल्यात. तुम्ही पांडवांना हात जोडले आणि मांडी घातलीत. तुमच्या सोबतचा हवालदार तर तुमच्याही आधी बसला. आणि मल्लप्पा, तो बिलंदर म्हातारा, म्हणाला, ‘‘गौरे, अज्जाला आंबील घाल.’’ पोरगी दोन्ही हातांत तांब्या धरून आली. तांब्या तिच्यापेक्षा जड. नवं परकर-पोलकं, केसांना तेल. वाढताना थोडी आंबील तुमच्या धोतरावर सांडली. ती घाबरली. तुम्ही हसलात. ‘‘असू दे. आजून घाल.’’ तिनं आणखी घातली. तुम्ही पिऊन टाकलीत.

मी बांधावरून ओरडलो, ‘‘अण्णा, उचला.’’

तुम्ही हात धुतलेत, मिशा पुसल्यात आणि चालत माझ्यापर्यंत आलात. तुम्ही दगडाच्या त्या बाजूला, मी या बाजूला. आपण आयुष्यात इतक्या जवळ उभे राहून इतके वाईट कधी बोललो नव्हतो.

‘‘आज न्हाय, बेलिफसाब.’’

‘‘का?’’

‘‘तिच्या हातचं प्यालो.’’

‘‘तुमच्या पोटात आंबील गेली म्हणून हुकूम रद्द झाला का?’’

‘‘हुकूम हाय तसा हाय. माझा हात उठत न्हाय.’’

‘‘मग मी येतो पलीकडं.’’

‘‘या की. काय म्हणून येताव? पाव्हणा म्हणून? तुमालाबी आंबील मिळंल.’’

मला तुमचा इतका राग कधी आला नव्हता. तुम्ही शांतपणे सांगितलंत, म्हाताऱ्यानं खोपीपुढं हात ठेवून शब्द दिलाय, आजचा दिवस पोरीला आमच्यात राहू द्या, उद्या सकाळी आंघोळ घालून मीच तिला तुमच्या हाती देतो. ‘‘रडती-वरडती न्यायची का हसती न्यायची, तुम्हीच सांगा. एका रात्रीचा परश्न हाय.’’

जीप वळली तेव्हा महानंदानं मागच्या काचेतून पाहिलं. ती रडत नव्हती. तिलाही तुम्ही उद्या सकाळचं सांगितलं होतंत, आणि तिचा तुमच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

सकाळी तुम्ही गेलात तेव्हा कोठ्यात बैल होते आणि खोपीत विझलेली राख. गौरीला पहाटेच्या गाडीनं जहिराबादला आत्याकडं, मल्लप्पाच्या लेकीकडं, पोचवलं होतं. तिसऱ्या राज्यात. मल्लप्पा घरात तोंड भिंतीकडं करून पडलेला. पुढचं हवालदारानं नंतर मला सांगितलं. तुम्ही दारात उभे राहिलात आणि परत फिरलात.

अहवाल तुम्ही खरा लिहिलात. मुलगी समोर होती, मी तिच्या हातचं खाल्लं, म्हणून ताबा घेतला नाही. तुमच्या साहेबांनी तुम्हाला बोलावून सांगितलं, शरणप्पा, ‘मुलगी आढळली नाही’ एवढंच लिहा आणि मोकळे व्हा. तुम्ही बदललं नाहीत. चौकशी लागली, ठपका आला. तो कागद तुम्ही मला टपरीवर दाखवलात, एखाद्याला पोराचा दाखला दाखवावा तसा. मला तेव्हाही तुमचं कौतुक करावंसं वाटलं नाही. खरं लिहिल्यानं पोरगी परत येत नव्हती.

मग पुष्कळ दिवस मी तुमचा फोन घेतला नाही. फाईल आमच्याकडं परत आली आणि नव्यानं जहिराबादकडं निघाली. निघाली तेव्हा ते आंध्र होतं, पोचली तेव्हा तेलंगणा झालं होतं. लिफाफ्यावरचं राज्य चुकलं म्हणून एकदा परत आली. तुमच्या गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, पुढं आमच्या उस्मानाबादचं धाराशिव झालं. सगळ्यांची नावं बदलून झाली, फाईलच्या पहिल्या पानावर ‘अज्ञान मुलगी गौरी’ तशीच होती. तिकडच्या कोर्टानं भाषांतर मागितलं, ते दिलं. वकील बदलला, साहेब बदलले. शेवटी एका साहेबांनी मुलीला चेंबरमध्ये बोलावून विचारलं. तेव्हा ती चांगली समजत्या वयाची झाली होती. ती म्हणाली, मला आत्याजवळ राहायचंय, त्या बाईला मी ओळखत नाही. महानंदा बाहेर बाकावर बसली होती. दार पुरतं लागलेलं नव्हतं.

हे मी तुम्हाला टपरीवर सांगितलं. आपलं बोलणं परत सुरू झालं होतं ते तुमच्यामुळंच; तुम्ही एक दिवस आमच्या कोर्टाच्या फाटकाशी येऊन उभे राहिलात आणि विचारलंत, ‘‘ऊटा आतेन्री?’’ मी म्हणालो, झालं. पण आपला वाद तिथल्या तिथंच राहिला. दर भेटीत चहा संपत आला की मी म्हणायचो, ‘‘अण्णा, तुम्ही जेवायला नको होतं.’’ तुम्ही म्हणायचा, ‘‘तुम्ही येळवस धरायला नको होती.’’ मग मी म्हणायचो, ‘‘तुम्ही जेवलात ते जेवलात, तिची आई तेव्हापासून उपाशी आहे.’’ एकदा मी असं म्हणालो आणि तुम्ही उठून निघून गेलात. टोपी बाकड्यावर विसरलात. ती मी जपून ठेवली आणि पुढच्या खेपेला दिली. तुम्ही ती घातलीत आणि तो विषय पुन्हा काढला नाहीत. मीही नाही.

आता तुम्हाला न कळलेलं सांगतो.

या पावसाळ्यात गौरी अठराची झाली. मूल सज्ञान झालं की ताब्याचा हुकूम संपतो. कुणी तो मोडला नाही, कुणी तो पाळला नाही, तो संपला. फाईल निकाली काढल्याची नोटीस महानंदाला द्यायला मीच मुरुमला गेलो. दुसऱ्या कुणाला पाठवणं बरं दिसलं नसतं. ती मशीनवर बसली होती. केस पांढरे झालेत अण्णा, तुम्ही ओळखलं नसतं. मी सगळं समजावून सांगितलं. तिनं सुई वर घेतली आणि विचारलं, ‘‘म्हंजे आता तिच्यावर कुठल्याच कोर्टाचं चालत न्हाय?’’

‘‘नाही.’’

‘‘आत्याचंबी न्हाय?’’

‘‘कायद्यानं नाही.’’

‘‘मंग आता मीच जाती,’’ ती म्हणाली. ‘‘हुकूम घेऊन लई जणं जाऊन आले.’’

आणि गेली. उमरग्याहून हैदराबादच्या गाडीनं जहिराबादला उतरली, गौरीचं कॉलेज शोधलं आणि फाटकाबाहेर उभी राहिली. गौरी भेटली. पळाली नाही, ओरडली नाही. दोघी रसवंतीत बसल्या. परत आल्यावर महानंदा सरळ माझ्या घरी आली. पदराचा बोळा हातात धरून तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगतो.

‘‘दादा, तिला येळवस आठवती. खोप आठवती. ती मला म्हणली, तू जीपमधी बसली होतीस, मी तुला बघितलं. तू पाय खाली ठिवला आन् वर घेतला. तू उतरली का न्हाईस? आत्या म्हणती, तू शेताचा हिस्सा बघायला आली होतीस.’’

‘‘तुम्ही काय सांगितलं?’’

‘‘मी म्हणलं, मला अमीननं उतरू नको म्हणलं. ती म्हणली, कोण अमीन? मी म्हणलं, आंबील प्याला तो. तर हसली दादा. म्हणली, तो टोपीवाला अज्जा? तो तर पाव्हणा आलता. लई चांगला होता तो. मी सांडलं तर रागावला न्हाय. तो कशाला असं सांगंल?’’

महानंदानं पदराचा बोळा सोडून मांडीवर सरळ केला. मग म्हणाली, ‘‘ती म्हणली, बोलाव त्या अज्जाला. त्यानं सांगितलं तर मी मानते.’’

मी त्या संध्याकाळी तुम्हाला फोन लावला. तुमच्या पोरानं उचलला. म्हणाला, अप्पाला सोलापूरला दवाखान्यात ठेवलंय, बोलता येत नाही, नळ्या लावल्यात. मी विचारलं, ऐकू येतं का? तो म्हणाला, कोण जाणे. मी म्हणालो, फोन कानाला लाव. त्यानं लावला बहुतेक. मला तुमचा श्वास ऐकू येत होता. मी एवढ्या सभा गाजवलेला माणूस, गौरीचं सांगायला फोन केलेला. शेवटी जेवलात का, एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

तुम्हाला माती द्यायला महानंदाही आली होती, हे तुमच्या घरच्यांना माहीत नाही. ती बायकांच्या मागं उभी होती. तिनंही मूठभर माती टाकली. परतताना बसमध्ये ती माझ्या शेजारच्या सीटवर बसली. मग म्हणाली, ‘‘आता तिला कोण सांगंल?’’

अण्णा, मी सांगणार आहे. रविवारी मी महानंदासोबत जहिराबादला जातोय. माझी साक्ष ऐकीव आहे, कोर्टात कुणी उभं केलं नसतं. मी फक्त तुम्हाला वाकताना आणि तिला पाय वर घेताना पाहिलं. शब्द तुम्ही मला नंतर सांगितलेत. पण दुसरा साक्षीदार उरलेला नाही. जीपचा ड्रायव्हर कोण होता, तेही आता कुणाला आठवत नाही.

मी तिला सांगणार आहे की तो अज्जा पाहुणा नव्हता. तो तुला न्यायला आला होता, त्याच्या खिशात तुझ्या आईच्या नावाचा हुकूम होता. त्यानंच तुझ्या आईला जीपमध्ये बसवून ठेवलं. तू त्याला वाढलंस, म्हणून तो तुला सोडून गेला. तुझी आई एका रात्रीसाठी गप्प राहिली, त्याच्या शब्दावर. खांदा निखळलेल्या त्या पोराचंही सांगेन, पण ते नंतर. आधी तुमचं नाव. लहानपणी तिच्यावर न रागावलेला तेवढा एकच परका माणूस तिच्या लक्षात राहिलाय, आणि तोही मी तिच्याकडून काढून घेणार आहे. हा ताबा मला घ्यायचा नव्हता. कदाचित ती आईकडं वळेल, कदाचित आपल्या तिघांनाही हाकलून देईल.

मला हसत-खेळत गोष्ट सांगता येते, असं तुम्ही म्हणायचा. ही मी तशी सांगणार नाही. वठवणार नाही, मधे थांबणार नाही.

उमरग्याहून गाडी सकाळची आहे. तुमची काही हरकत असेल, तर शनिवारपर्यंत कळवा.